जॅम भरलेल्या कुकीज: जॅम आधी भरायचा की भाजून झाल्यावर?

पाऊणशहाणी

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण जितक्या पाकृ (पाककृती) वाचाव्यात तितकी उत्तरं मिळतायत. मधे खड्डा करून त्यात जॅम भरलेल्या कुकीज घरी करायच्या आहेत. मैदा, बटर, पिठीसाखर आणि जॅम, बस. काही जण जॅम भरूनच ट्रे ओव्हनमधे ढकलतात. काही जण कोऱ्या कुकीज भाजून वरून जॅम घालतात. एका ठिकाणी तर निम्मा आधी, निम्मा नंतर असंही वाचलं. यातलं खरं काय? की ज्याची त्याची आवड?

आणखी दोन शंका. खड्डा करताना कडेला चिरा पडतात, त्याला उपाय काय? आणि डब्यात ठेवल्यावर सादळू नयेत म्हणून तुम्ही काय करता? अंडं न घालता जमत असेल तर उत्तमच. साधा ओटीजी आहे. क्रीम, आयसिंग वगैरे थाट नको.

कुरकुरीत

आधी. विषय संपला. जॅम ओव्हनमधे आळतो, वरचा थर कोरडा होतो आणि बोटाला चिकटत नाही. नंतर भरलेला जॅम डब्याच्या झाकणाला लागतो.

तिरकस

नंतर. विषय आत्ता संपला. आधी भरलेला जॅम ट्रेवर जातो आणि तिथे आळतो.

बोकोबा

नंतर भरायचा तर जॅम भरेपर्यंत कुकीज शिल्लक राहायला हव्यात. आमच्याकडे ही पद्धत तत्त्वतःच अशक्य आहे.

सुगरणीचं घरटं

या दोघांचं चालू दे, मी आधी प्रमाण देते. कपाने मोजू नका. मैदा कपात दाबून भरला की 150 ग्रॅमच्या घरात जातो, चमच्याने अलगद भरला तर 120 च्या आसपास राहतो. एवढ्या फरकात कुकी एकदा पसरते आणि एकदा दगड होते. वजनकाटा घ्या.

लक्षात ठेवायला सोपं प्रमाण म्हणजे एक, दोन, तीन. एक भाग साखर, दोन भाग बटर, तीन भाग मैदा, सगळं वजनाने. म्हणजे पिठीसाखर 60 ग्रॅम, बटर 120, मैदा 180. बटर बिनमिठाचं असेल तर चिमूटभर मीठ आवर्जून घाला, नाहीतर जॅमच्या गोडासमोर कुकी अगदीच बेचव लागते. व्हॅनिला ऐच्छिक. अंडं लागत नाही. बेकिंग पावडरही घालू नका, ती घातली की खड्डा फुगून वर येतो आणि जॅमला जागाच उरत नाही.

बटर बाहेर ठेवलेलं असावं. बोट टेकवलं की खळगा पडेल इतपत मऊ, पण वितळलेलं नको. बटर आणि साखर एकत्र होईपर्यंतच फेटायचं, केकसारखं फुलवत बसायचं नाही. मग मैदा चाळून घालायचा आणि हाताने गोळा करायचा. मळायचा नाही! गोळा होत नसेल तर दूध चमचा-चमचा करून घाला, एक-दोन छोटे चमचे पुरतात. यात 20 ग्रॅमचे साधारण 18 गोळे होतात.

ओव्हन 170 अंशांवर, दोन्ही रॉड चालू, मधला कप्पा. 14 ते 16 मिनिटं. वरून रंग यायची वाट बघू नका. एक कुकी हलकेच उचलून खालून बघायची. खालची कड फिकट सोनेरी झाली की ट्रे बाहेर. तेव्हा त्या मऊ लागतात, गार झाल्यावर कडक होतात. ट्रेवर पाचेक मिनिटं तशाच राहू द्या, गरम असताना हलवल्या तर मोडतात.

जॅमचं मी नंतर लिहिते, कुकर लावायचाय.

गोगलगाय

ताई, मस्त! वाचनखूण साठवली.

चिरांबद्दल माझ्याकडून. चिरा पडण्याचं पहिलं कारण म्हणजे गोळे आधी फ्रिजमधे घट्ट करायचे आणि मग दाबायचे. थंड बटर वाकत नाही, तुटतं. क्रम उलटा करा. गोळा वळला की लगेच, मऊ असतानाच खड्डा करायचा आणि मग ट्रेसकट अर्धा तास फ्रिजमधे. दुसरं कारण म्हणजे गोळा नीट न वळणं. तळहातांमधे गुळगुळीत होईपर्यंत फिरवायचा. गोळ्यावर आधीच एखादी बारीक रेघ असेल तर दाबल्यावर तिचीच चीर होते. तरीही कड उकललीच तर बोटाने चिमटून बंद करायची, भाजल्यावर कळतसुद्धा नाही.

उंटावरचा

अंगठ्याने दाबायचं की चमच्याने?

गोगलगाय

चमच्याने. मोजमापाच्या संचातला अर्ध्या चमच्याचा गोल चमचा असतो ना, त्याची पाठ. अंगठा नेहमी तिरपा बसतो, नखाकडची बाजू खोल जाते आणि तिथून जॅम बाहेर पडतो. चमच्याची पाठ मैद्यात बुडवायची, सरळ खाली दाबायची आणि किंचित गोल फिरवून उचलायची. तळाला किमान अर्धा सेंटीमीटर पीठ राहिलं पाहिजे, नाहीतर जॅम खालून पाझरतो आणि कुकी बटर पेपर सोडत नाही.

कुरकुरीत

अंगठ्याची कुकी चमच्याने करायची म्हणजे कमाल झाली. जरा वेडीवाकडी असते म्हणूनच ती घरची वाटते.

तिरकस

हो, आणि ट्रेवर चिकटलेला जॅम खरवडणंही घरचंच वाटतं.

रसायनवाला

आधी की नंतर हे आवडीवर सोडण्याआधी जॅम कसला आहे ते बघा. निम्मं उत्तर तिथेच आहे.

चांगल्या आटवलेल्या जॅममधे विरघळलेले घन पदार्थ, म्हणजे मुख्यतः साखर, 60 ते 65 टक्क्यांच्या आसपास असतात. असा जॅम साधारण 104-105 अंशांना उकळतो. ओव्हन 170 ला असला तरी खड्ड्यातला जॅम एकदम तिथे पोचत नाही. पाणी शिल्लक असेतोवर तो उकळबिंदूच्या आसपासच रेंगाळतो. घट्ट जॅममधे पाणी कमी, त्यामुळे बुडबुडे मोठे, जड आणि सावकाश येतात आणि तो जागेवर राहतो. पातळ जॅममधे पाणी जास्त, बुडबुडे बारीक आणि भराभर, म्हणून तो कडेवरून उतू जातो.

आता पेक्टिन, म्हणजे फळांतला जॅम घट्ट जमवणारा घटक. नेहमीच्या जॅममधलं पेक्टिन भरपूर साखर आणि आम्ल यांच्या जोरावर जमतं आणि एकदा जमलं की उष्णतेने सहसा पुन्हा वितळत नाही. कमी साखरेच्या जॅममधे बहुधा वेगळ्या जातीचं पेक्टिन असतं. ते कॅल्शियमच्या मदतीने जमतं आणि तापवलं की पुन्हा पातळ होऊ शकतं. बाटलीत घट्ट दिसणारा ‘कमी साखर’ जॅम ओव्हनमधे अचानक पाण्यासारखा पळतो तो त्यामुळे. बेकरीवाले खास ओव्हनमधे टिकणारा जॅम वापरतात. त्यात घट्ट धरून ठेवणारे घटक निवडूनच घातलेले असतात.

म्हणून, नेहमीचा घट्ट जॅम असेल तर खुशाल आधी भरा. कमी साखरेचा किंवा घरचा पातळ असेल तर नंतर.

पाऊणशहाणी

हे कुठल्याच पाकृत वाचलं नव्हतं! माझ्याकडे दोन्ही आहेत. स्ट्रॉबेरीचा बाजारचा आणि घरी केलेला जर्दाळूचा, तो बऱ्यापैकी सैल आहे. सैल जॅम घट्ट करून आधी भरता येईल का?

रसायनवाला

येईल. पसरट भांड्यात मंद आचेवर आटवा, लिंबाचे चार थेंब घाला. कढल्याने पाणी जातं, आम्लाने पेक्टिनला मदत होते. थंड बशीवर थेंब टाकून मिनिटभराने बोटाने ढकला. वर सुरकुती पडली की पुरे. फार आटवू नका, भाजल्यावर तो आणखी आळणार आहे आणि मग दाताला चिकटणारी टॉफी होईल. आणि तयार जॅम जोरजोरात ढवळू नका, पेक्टिनची जाळी मोडली की तो पूर्वीसारखा जमत नाही.

सुगरणीचं घरटं

आले परत. जर्दाळूचा असेल तर गाळून घे गं, सालाचे तुकडे खड्ड्याबाहेर डोकावतात आणि तेच आधी करपतात.

प्रमाणाचं सांगायचं राहिलं. एका कुकीला अर्धा छोटा चमचा जॅम, त्याहून जास्त नाही. कडेच्या जरा खालीच राहिला पाहिजे. काठोकाठ भरायचा मोह होतो, पण उकळताना त्याला वर यायला जागा लागते. प्लास्टिकच्या पिशवीत जॅम भरून कोपरा कापला की नेमका पडतो, चमच्याने कडा माखतात. कडेला लागलेला जॅमचा ठिपका आधी काळा होतो आणि कुकीला कडवट वास लागतो.

मोहनदास_बटरवाले

बटर नाही, तूप आहे. चालेल का? (आयडी वाचून हसू नये.)

तिरकस

मोहन घालण्यासाठीच जन्मलेला आयडी आहे हा.

सुगरणीचं घरटं

चालेल, पण जेवढ्यास तेवढं नको. बटरमधे स्निग्धांश साधारण 80 ते 82 टक्के, उरलेलं बहुतेक पाणी. तूप म्हणजे जवळजवळ सगळा स्निग्धांशच. 120 ग्रॅम बटरच्या जागी 100 ग्रॅमच्या आसपास तूप घ्या. तूप थिजलेलं, रवाळ असावं, पातळ केलेलं नको. बटरमधलं पाणी इथे नसल्यामुळे पीठ बांधलं जात नाही, तेव्हा दूध जरा जास्त लागेल. कुकी बटरपेक्षा भुरभुरीत होते, म्हणून खड्ड्याची कड जाड ठेवा. चव वेगळी येते, वाईट नाही.

निवांत

कणकेच्या केल्या तर? निदान थोड्या पौष्टिक...

बोकोबा

एक भाग साखर, दोन भाग बटर, वर जॅम. कणकेने बिचारीने एकटीने काय काय सावरायचं?

निवांत

अहो, प्रयत्न तरी करू द्या!

सुगरणीचं घरटं

निम्मा मैदा, निम्मी कणीक करून बघा. कणीक पाणी जास्त शोषते, दूध एखादा चमचा वाढवा आणि गोळा झाकून पंधरा मिनिटं ठेवा, म्हणजे कोंडा मऊ होतो. पूर्ण कणकेच्या जरा जड होतात. त्यापेक्षा मैद्यातला 40-50 ग्रॅम काढून तेवढी बदामाची पूड घातली तर चवीत खरा फरक पडतो. फक्त बदामाने रंग लवकर येतो, लक्ष ठेवा.

भटकी_मांजर

बदामाच्या पुडीवरून आठवलं. ऑस्ट्रियातल्या लिन्झ शहराच्या नावाचा लिन्झर टॉर्टे आहे, खाली सुक्या मेव्याच्या पुडीचं पीठ, वर जॅम आणि पिठाच्या पट्ट्यांची जाळी. त्याची 1653 सालची हस्तलिखित पाकृ उपलब्ध आहे. त्याच्याच कुळातल्या लिन्झर कुकीज म्हणजे दोन चकत्या, वरचीला मधे भोक, आणि दोघींच्या मधे जॅम. तिथे जॅम भाजल्यानंतरच लावतात. वरच्या चकतीवर पिठीसाखर भुरभुरून मग ती जॅमवर ठेवतात, म्हणजे खिडकीतला जॅम लाल चमकदार राहतो. जॅम भाजला असता तर तो काळपट झाला असता.

तिरकस

बघा! चारशे वर्षांची परंपरा माझ्या बाजूने.

भटकी_मांजर

थांबा, तुमची बाजू अजून पूर्ण झाली नाही. स्वीडनमधे रास्पबेरी जॅमच्या अशाच छोट्या कुकीज असतात, त्यांना हालोनग्रोत्तोर म्हणतात. गोळा कागदाच्या लहान वाटीत ठेवतात, खळगा करतात, जॅम भरतात आणि मग भाजतात. तिथे जॅम आधीच. वाटीमुळे पसरायचा प्रश्नच येत नाही. बेकिंग पावडर असूनही आकार टिकतो, कारण चारी बाजूंनी कागद धरून ठेवतो.

कुरकुरीत

ऑस्ट्रिया एक, स्वीडन एक. सामना बरोबरीत.

उंटावरचा

कागदाच्या वाटीची कल्पना भारी आहे. चिरा, पसरणं, ओघळणं, तिन्ही एका झटक्यात. हे कुणी आधी का नाही सांगितलं?

गोगलगाय

वाटीत कुकी सगळीकडून मऊसर राहते. ज्यांना कड कुरकुरीत हवी त्यांना ट्रेच बरा.

तिरकस, चारशेला अजून तीसेक वर्षं कमी आहेत हो.

आजोबा_ऑनलाइन

नमस्कार मंडळी. वाचून करमणूक झाली. एक सूचना करतो. लहान मुलं घरात असतील तर ट्रे त्यांच्या हाताला लागेल असा ठेवू नये. कुकी वरून गार लागते, पण जॅम आतून बराच वेळ चटका देणारा असतो, आणि तो चिकटतो, त्यामुळे पाण्यापेक्षा जास्त भाजतो. अर्धा तास थांबवावं.

तसंच कच्चं पीठ चाखायला देऊ नये. अंडं नसलं तरी मैदा कच्चाच असतो, त्यात जंतू असू शकतात.

सुगरणीचं घरटं

आजोबा, अगदी बरोबर. लोक अंड्याचं लक्षात ठेवतात, मैद्याचं विसरतात.

बोकोबा

म्हणजे पीठ चाटायचं नाही, गरम खायचं नाही, आणि जॅम आधी की नंतर ते अजून ठरलेलं नाही. मी बिस्किटाचा पुडा आणतो.

निवांत

ओटीजी नाही, मायक्रोवेव्हमधे कन्व्हेक्शन आहे. तेच तापमान?

रसायनवाला

पंखा असेल तर साधारण 20 अंश कमी करा, म्हणजे 150. नुसत्या मायक्रोवेव्ह मोडवर मात्र अजिबात नको. रंग येत नाही आणि जॅम सगळ्यात आधी तापून उडतो. एअर फ्रायर असेल तर 150 ला 8-10 मिनिटांपासून तपासा, आणि बटर पेपर कुकीजच्या वजनाखाली नीट दाबलेला ठेवा. मोकळा कोपरा वाऱ्याने उडून तापलेल्या कॉइलला लागतो.

उंटावरचा

माझ्या ओटीजीत मागच्या रांगेतल्या कुकीज करपतात आणि पुढच्या पांढऱ्या राहतात.

गोगलगाय

दहाव्या मिनिटाला ट्रे फिरवा, मागची बाजू पुढे. तळ लवकर लाल होत असेल तर ट्रेखाली दुसरा रिकामा ट्रे ठेवा. गडद रंगाचे ट्रे उष्णता जास्त खेचतात, त्यावर दोन-तीन मिनिटं कमी पुरतात. आणि दुसरा घाणा गरम ट्रेवर लावू नका. बटर साधारण तिशीच्या पुढच्या तापमानाला सुटायला लागतं, त्यामुळे पीठ ओव्हनमधे जायच्या आधीच पसरतं.

ट्रे फिरवायला काढताच की मग खड्डे एकदा बघून घ्या. जॅम भरला नसेल तर फुगलेला तळ चमच्याच्या पाठीने हलकेच पुन्हा दाबायचा. तेव्हा पीठ मऊ असतं, सहज बसतं. पूर्ण भाजल्यावर दाबलं तर चुरा.

वाचनमात्र

पहिलाच प्रतिसाद देतोय, सांभाळून घ्या. जॅम पिठाच्या पूर्ण आत बंद केला तर? मधे जॅम, बाहेरून गोळा. ओघळायचा प्रश्नच मिटला.

रसायनवाला

स्वागत! कल्पना चांगली आहे, पण वाफेला वाट लागते. बंद गोळ्यात जॅम उकळला की कुठून तरी फोडून बाहेर येतो, बहुधा खालच्या शिवणीतून. त्यासाठी सारण खूप कोरडं लागतं. अंजिराचं सारण भरलेली लांबट बिस्किटं त्यामुळेच जमतात. अमेरिकेत 1891 मधे ती यंत्रावर करायला लागले. आतल्या नळीतून सारण, बाहेरच्यातून पीठ, दोन्ही एकाच वेळी, अशी लांबच लांब दोरी निघते आणि मग कापतात. कापलेली टोकं उघडीच राहतात, वाफ तिथून जाते.

वाचनमात्र

म्हणजे घरी गोळ्याऐवजी लांब पट्टी करून मधे जॅम, गुंडाळायचं आणि भाजून कापायचं?

सुगरणीचं घरटं

हो, आणि त्याहून सोपं म्हणजे गुंडाळूच नका. पिठाची दीड-दोन इंच रुंद लांब पट्टी ट्रेवर ठेवायची, लाकडी चमच्याच्या दांड्याने मधोमध एक लांब नाली करायची, तीत जॅम. भाजून बाहेर काढल्यावर दोनेक मिनिटांनी, गरम असतानाच, सुरीने तिरपे तुकडे. गार झाल्यावर कापलं तर तुकडे पडतात. एक-एक गोळा वळत बसायचा कंटाळा असेल त्यांच्यासाठी हेच.

बोकोबा

माझ्यासाठी खास लिहिल्यासारखं वाटतंय. पुडा रद्द.

पाऊणशहाणी

आत्ताच दोन्ही प्रकारे करून बघितल्या. पीठ एकच, निम्म्यांत स्ट्रॉबेरी जॅम आधी भरला, निम्म्या कोऱ्या भाजून नंतर तोच जॅम किंचित गरम करून भरला.

आधीच्या: जॅम गडद झाला, वर हलकी कातडी आली, एकावर एक ठेवल्या तरी चिकटल्या नाहीत. जॅमखालचं पीठ जरा ओलसर, पण मला ते आवडलं. चव घट्ट, थोडी कॅरमलकडे झुकणारी.

नंतरच्या: रंग एकदम तजेलदार, फळाची चव जास्त. कुकी पूर्ण खुसखुशीत. पण डब्यात एकाच थरात ठेवाव्या लागल्या.

घरात मतं फुटली, ते सांगायला नकोच.

तिरकस

‘फळाची चव जास्त.’ हे वाक्य फ्रेम करून घ्या.

कुरकुरीत

‘मला ते आवडलं.’ हेही त्याच फ्रेममधे बसवा.

सुगरणीचं घरटं

म्हणून मी निम्मा-निम्मा करते. आधी पातळ थर, तो भाजला की तळाशी घट्ट बसतो. बाहेर काढल्या काढल्या वरून थोडा ताजा जॅम, गरम कुकीवर तो सपाट पसरतो. रंगही मिळतो आणि हलवताना सांडतही नाही. याला मधला मार्ग म्हणू नका, मला दोन्हीपेक्षा हेच जास्त आवडतं.

निवांत

सादळण्याचं राहिलंच की.

रसायनवाला

ते पूर्ण टाळता येत नाही, लांबवता येतं. जॅममधलं मोकळं पाणी कोरड्या कुकीकडे जात राहतं. याचं एक माप असतं, जलक्रियता, 0 ते 1 मधे. जॅमची साधारण 0.8 च्या आसपास, कुरकुरीत कुकीची 0.3 च्याही खाली. दोन्ही एका डब्यात ठेवले की ते एकमेकांच्या जवळ यायला बघतात. कुकी मऊ होते आणि जॅम रबरासारखा.

त्यामुळे आधी भरून भाजलेल्या जरा जास्त टिकतात, कारण जॅममधलं पाणी ओव्हनमधे आणखी आटलेलं असतं. नंतर भरणाऱ्यांसाठी उपाय म्हणजे खड्ड्याच्या आत वितळलेल्या चॉकलेटचा पातळ हात फिरवायचा, तो घट्ट झाला की वर जॅम. चरबीच्या थरातून पाणी सहज जात नाही. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नका, कोमट कुकीची वाफ झाकणाला धरते आणि तिथूनच सादळायला सुरुवात होते.

तिरकस

चॉकलेट आणि स्ट्रॉबेरी. म्हणजे नंतर भरण्याला बक्षीसही आहे.

गोगलगाय

सगळ्यात सोपा उपाय कोऱ्या कुकीज भाजून डब्यात ठेवायच्या आणि खायच्या दिवशी जॅम भरायचा. कोऱ्या नीट बंद डब्यात आठवडाभर आरामात राहतात. मऊ पडल्याच तर 150 ला चार-पाच मिनिटं, पुन्हा कुरकुरीत. जॅम भरलेल्या मात्र अशा परत गरम करू नका.

कुरकुरीत

हे मान्य. कुणाकडे न्यायच्या असतील तर आधी भरलेल्या, घरी खायच्या असतील तर गोगलगाय म्हणते तसं. पण अंगठ्याचा मुद्दा मी सोडत नाही.

मोहनदास_बटरवाले

तुपाच्या केल्या. 100 ग्रॅम तूप, दूध दोन मोठे चमचे लागलं. भुरभुरीत झाल्या, उचलताना एक-दोन मोडल्या, त्या ओट्यावरच संपल्या. कड जाड ठेवल्याचा फायदा झाला, ताईंना धन्यवाद. जर्दाळूचा जॅम तुपाबरोबर स्ट्रॉबेरीपेक्षा सरस लागतो, आंबटपणामुळे असेल.

पाऊणशहाणी

आंबटपणाशी सहमत. स्ट्रॉबेरीतही लिंबाचे थेंब टाकले तर बरं लागतं.

थोडं पीठ उरलंय. फ्रीजरमधे टाकू का, आणि टाकलं तर गोळा करून की तसंच?

गोगलगाय

गोळे वळून, खड्डे करून ट्रेवर तासभर कडक करा, मग पिशवीत भरा. जॅम भरू नका. महिनाभर काही होत नाही. काढल्यावर वितळायची वाट न बघता गोठलेलेच ट्रेवर लावा, जॅम तेव्हाच भरा आणि दोन-तीन मिनिटं जास्त द्या. खरं तर गोठलेल्या कुकीज कमी पसरतात, त्यामुळे आकार ताज्यापेक्षा नीट येतो.

उंटावरचा

मग सगळ्याच आधी गोठवल्या तर?

गोगलगाय

मी तेच करते.